वडीतली सुई

शिमोनिता, २० जानेवारी

ती. शुहेइदादाला,
चिगुसाचा सा. न.

फोनवर मी नुसतं हूं हूं केलं, कारण मला काही कळलंच नाही. आपल्या कोन्न्याकुच्या, म्हणजे कंदाच्या पिठाच्या लिबलिबीत वडीवर तू टाके घालायला शिकतोस, इथपर्यंत कळलं. पण दोरा जोरात ओढला की वडी फाटलीच पाहिजे, असं का? आजोबा म्हणाले, साठ वर्षांत या घरातून फाटकी वडी गेलेली नाही, डॉक्टर झाला म्हणून काय झालं! मी शाळा सोडलेली, मला नसेल समजत. पण त्यांनाही नाही समजलं.

तरी ते जेवायला बसल्यावर पिठात वडी घट्ट करणारा चुना कमी कमी घालत चार वड्या केल्या. बारा तारखेच्या परीक्षेत टाका फाटला तर सर तुला ऑपरेशनला नुसतं बघायला उभं करणार, हे मी आजीला सांगितलेलं नाही.

वड्या खाऊ नकोस, बेचव आहेत. माया मात्र कमी करू नकोस.
चिगुसा

माएबाशी, ६ फेब्रुवारी

चि. चिगुसास,
अनेक आशीर्वाद.

वडी का फाटायला हवी? म्हाताऱ्या माणसाचं आतडं फाटतं, म्हणून. तुमची चांगली वडी माझी चूक झाकते, सर झाकत नाहीत. तुझी तिसरी वडी अगदी हवी तशी! टाके घातलेलीच परत पाठवतोय. बोटानं दाबून बघ आणि अशाच दहा कर. अकराला पोचू देत. चुना किती घातलास ते लिहून ठेवलंयस का? नसशीलच, ओळखतो तुला.

तुझ्या बोटांच्या भरवशावर असलेला,
शुहेइ

शिमोनिता, ९ फेब्रुवारी

ती. दादाला,
सा. न.

दादा, तू सुई वडीतच का ठेवलीस? विसरलास? काल आठ तारीख होती रे! खोकं आजीनं उघडलं. वर मऊ वडी, तिच्यात सुई. चाळीस वर्षं किमोनो शिवलेली बाई ती, जुन्या सुया मऊ वडीत खोचून देवळात त्यांना निरोप द्यायच्या दिवशी दुसरं काय समजणार? म्हणाली, पोरानं सुई ठेवली, डॉक्टरकी सोडली. रडली, हात जोडले आणि आपल्या मोडक्या सुयांबरोबर ती वडी देवळात घेऊन गेली. मलाही खरंच वाटलं. तुझी चिठ्ठी खोक्याच्या तळाला भिजून चिकटलेली, नंतर सापडली.

धावत देवळात गेले. केवढ्या बायका! निरोप दिलेली सुई परत उपटायची नसते, मग वडी आणू कशी? सगळ्यांसमोर सुयांच्या मधून बोट घालून दाबून पाहिली. लाजून कान तापले. तेव्हा सुचलं, आजी पीठ मळताना कानाच्या पाळीशी ताडून बघते ना! माझ्या कानाची पाळी घट्ट लागली. शेजारी आजी उभी होती, तिची दाबली. अगदी तीच वडी!

घरी आजोबांना सगळं सांगावं लागलं. मग ते स्वतःच पीठ घोटायला उठले. मी एका हातानं आजीचा कान धरलेला, दुसऱ्यानं वडी दाबतेय. आजोबा विचारतात, आता? मी म्हणते, अजून मऊ. आजी म्हणते, मेले, कान सोड. तीन घाणे फेकले. आजोबा म्हणाले, वाईट करणं एवढं अवघड असतं होय!

दहा पाठवतेय. बरोबर आहेत की नाही, मला अजून समजत नाही.

गोंधळलेली, पण तुझीच,
चिगुसा

माएबाशी, १३ फेब्रुवारी

चि. चिगुसास,
आशीर्वाद.

नऊ वड्या सरावात फाटल्या. दहावी परीक्षेला नेली. सरांनी दोरा ओढून पाहिला, पुन्हा ओढला. टाका तसाच राहिला. सोमवारपासून ऑपरेशनला सुई माझ्या हातात.

ती दहावी वडी या खोक्यात आहे. यातली सुई विसरलेली नाही, मुद्दाम ठेवलीय. पुढच्या वर्षी आजीनं ती सुई आपल्या सुयांबरोबर देवळात न्यावी.

आजोबांना आणि आजीच्या कानाला नमस्कार. चिठ्ठी या वेळी सगळ्यात वर ठेवतोय.

शुहेइ