क्लोटिल्डआजीचा डावा कान

ती. वेंडेलमामा यांस,

झोंबोरचा वाकून नमस्कार, आणि मामींच्या हाताचा मी इथूनच मुका घेतला असं सांगा. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतोय का, आलुबुखाराची दारू यंदा कशी उतरली, सगळं सविस्तर कळवा. शनिवारच्या बसने पाठवलेला वानवळा पोचला असेलच. शेपूट धरणाऱ्याला मिळतो तो अख्खा वाटा होता. निव्वळ प्रेमापोटी पाठवला.

मला नोकरी लागली (हसू नका), तीही संशोधन संस्थेत, शेगडीवाल्या खोलीसकट. इथं डुकराचा नकाशा काढतात. डुकरात गुणसूत्रांच्या एकोणीस जोड्या असतात. त्यांवर पाठीची चरबी कुठं बसलीय, कुरळे केस कुठं, ते हुडकायचं. त्याला आजी, आई, नातवंडं अशा तिन्ही पिढ्यांचं रक्त लागतं. आजी गाळली तर कुठला तुकडा कुठून आला हे देवालाही कळत नाही. आमचे मुख्य डॉक्टर तिहान्यी फार थोर माणूस. डुकराचा वास आला की खिडकी लावून घेतात. नातवंडांचं रक्त आलं, आयांचं आलं. राहिली आजी. म्हणजे क्लोटिल्ड, कुरळ्या केसांची मांगालित्सा डुकरीण, मार्तोनकाकांकडे सांभाळायला दिलेली. तिचं रक्त शनिवारी मी आणायचं होतं. पण थोरांना धीर कुठला? डॉक्टरांनी बुधवारीच रेडिओवर जाहीर केलं, की नकाशा पूर्ण झाला!

शनिवारी मी पोचलो तर (वाटेत एक अकॉर्डियनवाला भेटला, त्याच्या मेहुणीचं असं झालं की... पण ते राहू दे) अंगणात चूल पेटलेली, खाटीक आलेला. माझ्या हातात प्याला देऊन काका ओरडले, "ये रे शहरी, शेपूट धर!" नवख्याचा मानच तो. धरली, डोळे मिटून. सगळं उरकल्यावर विचारलं, "काका, क्लोटिल्ड कुठाय?"

"मग इतका वेळ काय धरलं होतंस?"

"अहो, तिचा नकाशा व्हायचाय!"

"झाला की! तुझ्या साहेबानंच रेडिओवर सांगितलं. काम संपलं की डुकरीण माझी, असं ठरलंय. नाताळ काय तुझ्यासाठी थांबणार?"

काकू म्हणाल्या, "रक्त हवं होतं तर आधी बोलायचंस, बाळा. सगळं हुर्कांत भरलं, आतड्याच्या सॉसेजांत, कांदा घालून. दोन घेऊन जा."

दोन नेल्या. सोमवारी डॉक्टरांपुढे मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पुडकं उघडलं आणि एक हुर्का उभ्याउभ्या संपवली. बोटं चाटत म्हणाले, "वा! बरं, आजीचं रक्त आलं का?"

"आलं, साहेब." (खोटं कुठाय? निम्मं तर त्यांच्याच पोटात होतं.)

"मग शुक्रवारी नळी प्रयोगशाळेत दिसली पाहिजे. नळी नसली तर तूही दिसू नकोस."

बाकी सगळं क्षेम. इथं बर्फ गुडघाभर आहे, आणि शेगडीवाली खोली दुसरी मिळणार नाही.

तुमचा लाडका भाचा,
झोंबोर

ता. क. प्रयोगशाळेतल्या इरेनताई सांगतात, रक्तच हवं असं नाही, कच्च्या मांसाचा कपटाही चालतो. वानवळ्यात डावा कान आहे. मामींनी तो अजून पातेल्यात टाकला नसेल तर टाकू देऊ नका. गुरुवारच्या बसने परत पाठवा.

आणखी ता. क. टाकला असेल तर रागावू नका, तुमच्या रोझी डुकरिणीच्या कानाचा नखाएवढा तुकडा पाठवा. तीही कुरळीच आहे. नकाशा तर बुधवारीच पूर्ण झालाय. कान कुणाचा, हे आता कोण विचारतंय?