कार्बनची घेऊ की अलॉयची

१ फेब्रुवारी, रवि.

पहाटे पुन्हा तेच. सायकलवर आहे, पण चाकं जमिनीला लागत नाहीत. खाली अरवलीतली काटेरी झुडपं, एक मोर, कुणाचं तरी मोहरीचं शेत. पेडल मारायची गरजच नाही. पाय मात्र खरेच झाडले असणार, कारण उठले तेव्हा मिलिंद पलंगाच्या अगदी कडेला गेला होता.

"आज कुठपर्यंत जाऊन आलीस?" चहाचा कप देत म्हणाला. डाव्या बाजूला ठेवला. हल्ली न सांगता डाव्या बाजूलाच ठेवतो.

डॉक्टर म्हणतात, या आजारात अशी स्वप्नं पडतात, गोळ्यांनीही पडतात. पडोत. ऑगस्टपासून या पार्किन्सन्सने आणलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढीच एक आवडलेली आहे.

बाहेर धुकं. समोरची सोसायटी नाहीच. मयूर विहार नाहीच. बाल्कनीच्या पुढे सगळं पांढरं.

३ फेब्रु., मंगळ.

ऑफिसात अंजलीने पुन्हा विचारलं, "घेतली का?" हिच्याच सायकलवाल्या ग्रुपबरोबर डिसेंबरात गुरुग्रामच्या पलीकडे गेले होते, तिथे कुणाची तरी इलेक्ट्रिक माउंटन बाईक दहा मिनिटं चालवली आणि तेव्हापासून मी कामातून गेले आहे. चढ समोर येतो, पेडल दाबावं तर मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवतं. ढकलत नाही, नुसता हात. चढ संपतो.

डॉक्टरांना विचारलं होतं. "चालवा की. जेवढी चालवाल तेवढं चांगलं." गोळीच्या कागदावर लिहूनच दिलं, सायकल, आठवड्यातून तीनदा.

सायकलच्या दुकानातून नेगीजींनी दोन फोटो पाठवले. एक कार्बन फ्रेमची, शेवाळी हिरवी. एक अलॉयची, पाटीच्या रंगाची. मोटर सारखी, ब्रेक सारखे. "फ्रेम आप सोच लो दीदी, बाकी मैं देख लूँगा."

दुपारभर फाइलींवर नोटिंग लिहिताना तो हिरवा रंग डोळ्यांसमोर. सही इतकी बारीक झाली की डायरेक्टर साहेब म्हणाले, "मॅडम, चष्मा बदलावा लागेल मला."

६ फेब्रु., शुक्र.

मि. बरोबर जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये. भरली वांगी बरी होती. भाकरी थंड.

तो कागद घेऊन आला होता. रेल्वेतला माणूस, तुलनेचा तक्ता केल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. कार्बन हलकी, अडीच किलोचा फरक. अलॉय दणकट. कार्बनला मार बसला तर वरून दिसत नाही, आतून तडा जाऊ शकतो. अलॉयला पोचा पडतो, पण दिसतो.

"म्हणून अलॉय," म्हणाला. "तू पडशील तेव्हा—"

"पडशील तेव्हा?"

"म्हणजे, पडलीस तर."

"तेव्हा म्हणालास तू."

वांगी तशीच राहिली दोघांच्या ताटात. मागच्या टेबलावर यूपीएससीची चार पोरं जोरजोरात सोलकढीवरून वाद घालत होती, तेवढाच आवाज. निघताना माझी पर्स उचलायला गेला. मी उचलू दिली नाही. आता वाईट वाटतंय.

८ फेब्रु., रवि.

ओवी हॉस्टेलवरून घरी. पोहे. हिला सगळ्यातलं फक्त एवढंच माहीत आहे, आईला सायकलचं वेड लागलंय. आजाराचं नाही सांगितलेलं. ही सेमिस्टर होऊ दे म्हणत दुसरी लागली.

फोटो बघून ओरडलीच. "आई यार, ही ग्रीनवाली! कार्बन. बिल्कुल कार्बन. विचार काय करायचा त्यात?"

मि. म्हणाला, अलॉय टिकाऊ असते, पडझड सोसते.

"पण बाबा, आई काय सारखी पडणार आहे का?"

मी पोह्यांत बघत होते. मि. कोथिंबीर आणायला उठला. कोथिंबीर पोह्यांवर होती.

दुपारी ऊन आलं, हिवाळ्यातलं दिल्लीचं, कोमट दुधासारखं. ओवी गच्चीवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. उजवा हात पाठीमागे घेऊन बसले होते. तिच्या केसांतून डाव्या हातानेच.

१४ फेब्रु., शनि.

नेगीजींचं दुकान. गुरुग्राममध्ये काचेच्या उंच इमारतींच्या मागल्या अंगाला, टायर आणि चहाचा वास. माणूस चमोलीचा. हळू बोलतो, डोंगरातली माणसं बोलतात तसं, मध्ये दरी असल्यासारखं थांबत.

दोन्ही उचलून बघा म्हणाला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कार्बनची दोन पायऱ्यांपर्यंत उचलली. अलॉयची एकच. मग तो हसला आणि अलॉयची बॅटरी काढून माझ्या हातात दिली. "सायकल नीचे, बैटरी ऊपर. बस." कार्बनच्या त्या मॉडेलची बॅटरी आतच असते, निघत नाही. म्हणजे खाली जिन्यात चार्जिंग, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण.

मि. खूश. मी त्या हिरव्या नळीवरून हात फिरवत राहिले. लोखंडासारखी गार नाही. पाण्यातून काढलेल्या लाकडासारखी. नेगीजी म्हणाले, कापडच आहे दीदी, थरावर थर विणून, राळेत भिजवून पक्कं केलेलं. कापड! पैठणीवर बसून डोंगर उतरायचा.

म्हणाले, दोन्ही चालवून बघा, रस्ता सांगेल.

१५ फेब्रु., रवि.

आज अलॉयची. अंजली पुढे, मी मागे. सकाळी आठ. सूर्य धुळीतून वर येताना मोठा आणि मऊ.

सपाट कच्च्या रस्त्यावर काही नाही. मग दगडगोट्यांची उतरण आली आणि हँडल थरथरायला लागलं. हात थरथरायला लागले. दोन्ही. कुठली थरथर दगडांची, कुठली माझी, कळेना. खाली पोचल्यावर अंजलीने हात झटकले, "उफ्, देखो कैसे काँप रहे हैं!" तिने तिचे हात पुढे धरले. मी माझे धरले. दोघींचे सारखे.

सहा महिन्यांत पहिल्यांदा हात पुढे करून उभी राहिले कुणासमोर.

हे मि. ला सांगायला गेले तर नीट सांगता आलं नाही. "म्हणजे अलॉय आवडली," म्हणाला. तसं नाही रे. तसंच, पण तसं नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

डॉक्टर. अंगठा आणि तर्जनी, उघड-मीट, उघड-मीट, जोरात, मोठं. डावा बरा. उजवा आठव्या-नवव्या खेपेला लहान लहान होत गेला आणि थबकला. मग कागदावर गोगलगाय काढायची, आतून बाहेर. माझी गोगलगाय लाजरी आहे.

"पडण्याची भीती वाटते?"

मि. आणि मी एकदम बोललो. तो "हो", मी "नाही".

डॉक्टर हसले. पण लिहून काय घेतलं ते दिसलं नाही.

२२ फेब्रु., रवि.

सगळं नीट क्रमाने लिहायचं.

आज कार्बनची, दुकानातली ट्रायलची. ओवी हट्टाने बरोबर आली, तिला साधी भाड्याची सायकल. थंडी कमी झालीय. पळसाला कळ्या, काळ्या मखमली. चढावर हिरवी अशी निघाली की मागे बघितलं तर ओवी ठिपका. "आई, चीटिंग आहे ही!" मी हसतेय, हसतेय. वर टेकडीवर वारा. लांबवर गुरुग्रामचे टॉवर धुळीत अर्धवट, कुणी पेन्सिलने काढून पुसल्यासारखे. वाटलं, इथेच राहावं. सायकलवर बसूनच म्हातारं व्हावं.

उतरण तीच, दगडगोट्यांची. पण हिरवी दगड गिळून टाकते. हँडल शांत. इतकं शांत, की त्या शांततेत उजवा हात एकटाच हलत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तेवढंच. पुढचं चाक खोबणीत गेलं, सायकल एका बाजूला खडकावर, मी दुसऱ्या बाजूला वाळूत.

लागलं नाही फार. कोपर, थोडा गुडघा. पण उठता येईना. पाय ऐकेचनात. दोन-तीन मिनिटं असतील. ओवी धावत आली, आई आई करत. माझा हात हातात घेतला आणि तो तिच्या हातात हलत राहिला.

"घाबरलीस?"

"नाही."

"मग हा असा का करतोय?"

सांगितलं. वाळूत बसल्या बसल्याच. इंग्रजी नाव सांगितलं, मग का कुणास ठाऊक मराठीही. कंपवात.

"वात म्हणजे दिव्यातली ना?" ती म्हणाली. रडत होती आणि विचारत होती.

हसू आलं मला. तिलाही आलं मग. एक गुराखी बाई शेळ्या घेऊन थांबली, "चोट लगी के?" म्हणाली. नहीं म्हटलं. शेळ्या आमच्याभोवतीने गेल्या.

घरी येताना ओवी गाडीत मागच्या सीटवर बसली, कानात इयरफोन घालून.

२३ फेब्रु., सोम.

अर्धी सुट्टी टाकून मि. आणि मी सायकल टेम्पोत घालून परत द्यायला. नेगीजींनी स्टँडवर चढवली. वरून नुसता ओरखडा. मग खिशातून दहाचं नाणं काढून फ्रेमवर टिचक्या मारायला लागले, वरून खाली, बोटभर अंतरावर. टिक. टिक. टिक. कान लावून. आवाज बसका आला की समजायचं, आत थर सुटलेत. आम्ही दोघं श्वास धरून उभे. टिक. टिक. डॉक्टरांसमोर मि. असाच उभा असतो.

शेवटपर्यंत आवाज एकसारखा.

"ठीक लगती है," म्हणाले. "पर दीदी, ये कपड़ा है, मन की बात मन में रखता है. अलॉय बोल देता है."

परतताना मेट्रोत दोघं उभे. यमुना आली तेव्हा मि. म्हणाला, "शुभा, भीती मला वाटते. तुझ्या नावावर मी तक्ता करत होतो." मग जरा वेळाने, "हिरवी हवी तर हिरवी घे. सेक्रेटरीशी मी भांडतो."

अख्ख्या जन्मात कुणाशी भांडलेला नाही हा माणूस. कंडक्टरशीसुद्धा नाही.

२५ फेब्रु., बुध.

ओवी आज हॉस्टेलवरून न सांगता आली. स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मग भडकलीच.

"मला का नाही सांगितलं? मी काय पाहुणी आहे का?"

मि. ने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "बाबा, तुम्ही तर बोलूच नका."

मी म्हटलं, तुझी परीक्षा. ती म्हणाली, "परीक्षा होती म्हणून तू मला सहा महिने डाव्या हाताने थोपटलंस?"

डावा हात लक्षात आला होता तिच्या. गच्चीवर झोपली नव्हती.

मग रडणं झालं. तिघांचंही. कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्याच नाहीत, भाताची खीर झाली. तीच खाल्ली, लोणच्याबरोबर.

जेवल्यावर मी डायरी लिहायला बसले तर ओवीने मागून येऊन बघितलं. "इतकं छोटं लिहितेस? मला वाटायचं पान वाचवतेस." मग एक चौरेघी वही आणून दिली, लहान मुलांची, बॅगेतच होती. कधी घेतली होती कुणास ठाऊक. "यात लिही. रेघेला अक्षर लागलं पाहिजे."

हे त्यातच लिहितेय. अ मोठा काढला की बाकीची अक्षरं थोडा वेळ त्याच्यामागून मोठी येतात. मग विसरतात.

२७ फेब्रु., शुक्र.

नेगीजींचा मेसेज. सोमवारी ऑर्डर जाणार, तोवर सांगा. रविवारी दोन्ही सायकली घेऊन जा, म्हणाले, "माँ-बेटी बदल-बदल के चलाओ."

मि. रोज विचारत नाही. विचारायचं नाही असं ठरवलेलं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं.

स्वप्नात आज सायकल नव्हती. मी चालत होते. रस्ता कापडाचा होता.

१ मार्च, रवि.

पळस फुलला. पान एक नाही, नुसता लाल. उतरणीखाली ओढ्यात पाणी नाही, पण फुलं इतकी पडलीत की काहीतरी वाहतंय असं वाटतं.

ओवी अलॉयवर, मी हिरवीवर. अर्ध्यात बदल. पुन्हा बदल. तिसऱ्या वेळी कुठली कुणाकडे होती ते आठवावं लागलं. त्या खोबणीपाशी आले आणि पाय जड झाले. थांबले. ओवी आली, शेजारी थांबली. चल म्हणाली नाही. घाबरू नकोस म्हणाली नाही. पाण्याची बाटली दिली, मी घेतली, उजव्या हाताने. थोडं सांडलं.

"कुठली मग, आई?"

"तू सांग."

"मी नाही सांगणार. मी आधी सांगितलं होतं तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे, तर?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. "आता मला दोन्ही आवडतात. और दोनों से डर लगता है."

मलाही. हिरवीवर मला माझा हात ऐकू येतो. पाटीवाल्या सायकलवर येत नाही. ऐकू यावा की नाही, एवढंच ठरायचं आहे, आणि ते दिवसावर आहे. आज यावासा वाटतो, उद्या वाटेलच असं नाही. नेगीजींना हे सांगितलं तर म्हणतील, दीदी, फ्रेम एकच येते.

ओवी म्हणाली, "मी आधी जाऊ की तू?"

मी गेले. ब्रेकवर दोन बोटं, बाकीची सैल. मागून तिच्या चाकांचा खडखडाट अगदी जवळ, मग थोडा लांब, मग पुन्हा जवळ. खोबण आली. गेली.

उद्या अकरापर्यंत फोन करायचा आहे. अजून ठरलं नाही.