झाकण शोधायला आलेली माणसं

प्रिय भिंगरी,

हे नाव आता तुला शोभत नाही. पण दुसऱ्या नावाने सुरुवात करून पाहिली, तर पत्र शाळेच्या परिपत्रकासारखं दिसायला लागलं. आईने बजावलं आहे की एका पानात आटपा, तिला तुमची भाषणं पाठ आहेत. चौदा महिने तू घरी का आली नाहीस हे विचारायचं नाही, असंही तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. म्हणून मी शाळेबद्दल लिहितो.

आधी गुडघे. ते तसेच आहेत. ते गेले म्हणून तर मी समुपदेशक झालो. तू तेव्हा सातवीत होतीस. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, ‘सर, तुम्हाला आता धावता येत नाही. ऐकता तर येतं ना?’ बावीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकलेल्या माणसाला ऐकता येतं की नाही, हे कुणी तपासलं नव्हतं. मीही नाही. सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात मुख्यतः मान डोलवायला शिकवलं. फार डोलवली तर मुलाला वाटतं, यांना घाई आहे. अजिबात नाही डोलवली तर वाटतं, यांना झोप लागली. मी आरशासमोर सराव करायचो आणि तू दाराआडून हसायचीस. खोली मिळाली ती माझीच जुनी, खेळाच्या सामानाची. एका कोपऱ्यात भाले, एका कोपऱ्यात मी. दारावर पाटी लागली, ‘समुपदेशन कक्ष’.

पहिले सात महिने कुणी आलं नाही हे मी तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघी विचारायचात आणि मी म्हणायचो, बरं चाललंय. दाराच्या अगदी समोर पाण्याचे नळ आहेत. त्या दारातून कुणी आत जाताना दिसलं, की मधली सुट्टी संपेपर्यंत शाळाभर व्हायचं, याचा स्क्रू ढिला झाला. मी रोज सकाळी दोन खुर्च्या समोरासमोर मांडायचो, टेबलावर कागदी रुमालांचा डबा ठेवायचो. संध्याकाळी त्यातला एक रुमाल मीच वापरायचो, घाम पुसायला.

मग शिपाईमामांनी खोकं आणलं. हरवलं-सापडलं या सदरातल्या वस्तू ठेवायचं खोकं, धुलाई यंत्राचं, छातीएवढं उंच. ते जिन्याखाली असायचं. मोठ्या बाई त्याला अडखळल्या आणि ते तिथून हललं. मामांनी ते माझ्या खोलीत सरकवलं आणि म्हणाले, ‘तुमच्याकडे तरी कोण येतंय.’ बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नववीतला एक उंच मुलगा कंपासपेटी शोधायला आला. माझ्या हातात तेव्हा फुटबॉल होता, तोच, ज्याला बारीक भोक आहे आणि ज्यात मी कित्येक वर्षं हवा भरतो आहे. मी म्हटलं, ‘बघ, निवांत बघ.’ तो कमरेपर्यंत खोक्यात वाकला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग खोक्याच्या आतून आवाज आला, ‘सर, नापास झाल्याचं घरी शाळा सांगते की आपण सांगायचं असतं?’ मी त्याच्याकडे बघितलं नाही. पंप खालीवर करत म्हटलं, ‘तुला कोणी सांगितलेलं बरं वाटेल?’ तो पाऊण तास खोक्यात होता. कंपासपेटी त्याच्या दप्तरात होती.

त्या दिवशी मी समोरासमोरच्या खुर्च्या काढल्या. प्रशिक्षणात जे सांगितलं नव्हतं ते मला खोक्याने शिकवलं. हात कशात तरी गुंतलेले हवेत आणि डोळे दुसरीकडे हवेत. आणि आत यायला कारण हवं, मग ते कितीही फुटकं असो. अभ्यासाचं काही असलं की मुलं वरवर चाळतात. त्यांना मी वेळापत्रक आखून देतो, ती ते पाळत नाहीत, मग आम्ही न पाळता येणारं कुठलं ते शोधून खोडतो. पुढे काय करायचं हे विचारायचं असलं की कोपरापर्यंत हात जातो. घरचं काही असलं की पार तळाशी. तेव्हा मला फक्त बूट दिसतात. मी बुटांशी बोलतो. गेल्या वर्षी गणिताचे सर आले. खडू हरवला म्हणाले. खडू! मी म्हटलं, बघा, निवांत बघा. ते अर्धा तास होते. जाताना एक कागदी रुमाल घेऊन गेले.

मध्ये एक संकट आलं. मोठ्या बाईंना नीटनेटकेपणाचा झटका आला आणि त्यांनी प्रार्थनेनंतर सगळ्या वस्तू ज्याच्या त्याला वाटून टाकल्या. खोकं रिकामं. त्या आठवड्यात दोन मुली दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या, परत गेल्या. रिकाम्या खोक्यात कुणी काय शोधणार? मग मी घरून वस्तू न्यायला लागलो. एक मोडकी छत्री, एकेकटे पायमोजे, चार चमचे. चमच्यांवरून आईने मला पकडलं. ‘अहो, तुम्ही शाळेत मुलांचं ऐकता की त्यांना जेवायला वाढता?’ तुझी निळी पेन्सिलची पिशवीही मी नेली होती. ती सहावीतल्या एका मुलीने उचलली आणि ओरडली, ‘हीच! मी कधीची शोधतेय!’ तिच्याकडे ती नीट आहे, एवढं सांगतो.

आता झाकणाबद्दल. झाकण ही शेवटच्या वर्गातली मुलगी. डब्याचं झाकण हरवलं म्हणून वर्षभरात अकरा वेळा आली, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. तिची गोष्ट तुला लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण झाकणाचा रंग बदला. तर झाकण लाल होतं. ही मुलगी सगळ्या विषयांत पहिली. घरच्यांनी तिला डॉक्टर करून टाकलं आहे, फक्त शिकायचं बाकी आहे. अडचण अशी की तिला रक्त बघवत नाही. जीवशास्त्राच्या तासाला बेडकाच्या आधी तीच आडवी झाली. तिला लिफ्ट दुरुस्त करायच्या आहेत. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट दर आठवड्याला अडकते आणि ती दुरुस्त करणाऱ्या माणसाला हिने इतके प्रश्न विचारले, की तो आता तिला खालून हाक मारून नेतो. अडकलेली माणसं बाहेर येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, असं ती मला खोक्याच्या तळातून म्हणाली. हे घरी सांगायची तिची छाती नव्हती. तिचे वडील रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत. दिवसभर लोकांचं रक्त काढतात. त्यांच्यासमोर रक्ताच्या भीतीचा विषय काढायचा, म्हणजे हलवायाच्या घरी गोडाचा कंटाळा आला म्हणण्यासारखं.

पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरायची मुदत संपायला चार दिवस होते आणि दारात तिचे वडील उभे राहिले. बारीक, स्वच्छ माणूस, नखं कापलेली. म्हणाले, ‘सर, हिची झाकणं घरी सगळी आहेत. अकराच्या अकरा. मी मोजली. मग ही इथे येऊन शोधते काय?’ मी म्हटलं, ‘बघा ना. निवांत बघा.’ आणि चेंडू हातात घेतला. त्यांनी बाह्या दुमडून खोक्यात हात घातला. एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर ओळीत मांडायला लागले. मांडता मांडता म्हणाले, ‘मी सुई टोचताना पेशंटला सांगतो, खिडकीकडे बघा आणि घरी कोण कोण असतं ते सांगा. टोचलेलं कळत नाही. तुमचंही तेच दिसतंय.’ चोराची पावलं चोरालाच ठाऊक. मी पंप चालू ठेवला.

ते म्हणाले, ‘आमच्याकडे डॉक्टर कुणी नाही. मीच काय तो जवळपास पोचलेला.’ खिशातून अर्ज काढला. पसंतीच्या तिन्ही जागी वैद्यकीय, पेनाने. मी विचारलं, ‘तिला विचारलंत?’ ते म्हणाले, ‘त्यात विचारायचं काय? हुशार आहे.’

समुपदेशकाने स्वतःचं काही सांगायचं नसतं. प्रशिक्षणाच्या पुस्तकात सातव्या पानावर आहे. मी सांगितलं.

मी त्यांना सांगितलं की तू शेवटच्या वर्गात असताना सभागृहात दोनशे पालकांसमोर मी म्हणालो होतो, मुलांचा अर्ज मुलांना भरू द्या. टाळ्या पडल्या. संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर तुझा अर्ज होता, पेन्सिलीने भरलेला, पहिल्या जागी रंगमंचाची प्रकाशयोजना. मी विचारलं, ‘काय दिवे लावणार आहेस?’ तू म्हणालीस, ‘रंगमंचावरचे.’ आई हसली. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी तू बाहेर गेल्यावर मी खोडरबर घेतला आणि तिथे स्थापत्य अभियांत्रिकी लिहिलं, पेनाने, तुझ्यासारखं अक्षर काढून. प्रवेशाची यादी लागली तेव्हा तुला कळलं. तू भांडली नाहीस. वर्षभर त्या कॉलेजात गेलीस. मग एका सकाळी बॅग भरलीस, एका नाटक मंडळीचा पत्ता आईला दिलास आणि दारात मला म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही शाळेतल्या सगळ्यांचं ऐकता. मी उगाच पास होऊन शाळेतून बाहेर पडले.’

एवढं सांगून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘मग? आली का परत?’ पंप थांबला होता. चेंडूने सवयीप्रमाणे हवा सोडली. मी म्हटलं, ‘रविवारी आईला फोन करते.’ ‘आणि तुम्ही?’ ‘मी तेव्हा तिथेच चष्मा शोधत असतो.’ ‘सापडतो?’ ‘नाकावरच असतो.’ त्यांनी मान डोलवली. फार नाही, कमीही नाही. सहा आठवड्यांत मला जे धड जमलं नाही ते या माणसाला सुईबरोबर आलं होतं. मग त्यांनी खोक्यातून एक खोडरबर उचलला, स्वतः भरलेल्या अर्जावर घासून पाहिला. पेन जाईना, कागद फाटला. मी कोरा अर्ज काढून दिला. त्यांनी टेबलावरच्या सगळ्या वस्तू पुन्हा खोक्यात भरल्या, तशाच क्रमाने, आणि गेले.

अर्ज शेवटच्या दिवशी आला. पहिल्या जागी लिफ्टचं शिक्षण, झाकणाच्या अक्षरात. दुसऱ्या जागी यंत्रशास्त्र, तेही तिचंच अक्षर. तिसऱ्या जागी अगदी बारीक, वैद्यकीय. ते अक्षर तिच्या वडिलांचं. तेवढं मी चालवून घेतलं. झाकणाला विचारलं, तर म्हणाली, ‘राहू दे सर, त्यांनी आधी परवानगी मागितली.’

मी मागितली नाही. चूक होती. हे वाक्य मला चौदा महिन्यांपूर्वी लिहिता आलं असतं, एका पानातही बसलं असतं.

आता हे सगळं कशासाठी ते. तुझी एक वस्तू घरी राहिली आहे. कोणती ते मला नीट सांगता येणार नाही. करड्या रंगाची असावी. तू म्हणशील, माझी करडी वस्तू कुठलीच नव्हती, आणि ते खरं असेल. पण फोनवर ते ठरवता येणार नाही. मी तसलंच एक मोठं खोकं मिळवून पुढच्या खोलीत ठेवलं आहे. आईने काही विचारलं नाही, पण रोज त्यात गुपचूप काहीतरी टाकते. काल मला त्यात आपले चमचे दिसले. तर येऊन बघ. निवांत बघ. तळाशी जायला वेळ लागेल, तेवढे दिवस हाताशी ठेवून ये. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, काही ठरवू नकोस. मी खिडकीकडे तोंड करून बसेन. चेंडू घरी आणला आहे.

तुझाच,
बाबा