हौशाची लस

कागल,
१४ जुलै १९७९

चि. सयाजीभावजींस शालूवहिनीचे अ. आ.

तुमचा पेशंट ठणठणीत आहे! शिंगाचा कॅन्सर झालेला बैल पुन्हा औताला उभा राहील, असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. बेंदराला हौशाचं उरलेलं एक शिंग मीच रंगवलं. तुमचे दादा म्हणाले की एका शिंगाचा का हुईना, राजा हाय माझा. माझ्याकडं कधी एवढ्या कौतुकानं बघितलं नाही हो!

शिंगातली गाठ तुम्ही बर्फात घालून मुंबईला तुमच्या गुरांच्या डॉक्टरी कॉलेजात नेलीत, तिचीच लस करून त्याला टोचलीत. अंगाला वैरी ओळखायला शिकवायचं, म्हणाला होतात. तर भावजी, माझ्याही छातीत गाठ आहे, हौशाच्या आधीपासूनची. सगळे बैलापायी धावत होते, मध्येच मी कुठं बोलू? माझी लस कराल का? हौशासारखी लाथ मारणार नाही. दादांना कळवू नका.

माया आहेच, ती वाढती ठेवा.
शालूवहिनी

मुंबई,
१९ जुलै १९७९

ती. सौ. वहिनीस सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. वहिनी, लस नाही करता येणार. बैलांवर करतो ते पुढं माणसाच्या उपयोगी पडावं म्हणूनच. पण ते दिवस अजून आले नाहीत. हौशा बरा झाला, तशाच लशीनं कित्येक बैल बरे झाले नाहीत. का, ते आम्हालाच ठाऊक नाही. आईमागं तुम्ही मला वाढवलंत, तुमच्यावर सुई आजमावू? ताबडतोब मिरजेला जाऊन ऑपरेशन करा. दादांना लिहितोच आहे, मग हवं तेवढं रागवा.

आशीर्वाद असू द्यावा.
सयाजी

कागल,
१० मार्च १९८०

चि. सयाजीस अ. आ.

वहिनीच्या तेराव्याला तू मान वर केली नाहीस. बैलाला सुई दिलीस, तिला नाही, याचा मला राग होता. आता तोही उरला नाही. उशीर तिनं केला, तो माझ्या बैलापायी.

एक सांगायचं राहिलं. मिरजेला शुद्धीवर येताच तिनं डॉक्टरांकडं आपली गाठ मागून घेतली. औषधात बुडवलेल्या त्या गाठीची बरणी फडताळात ठेवली, तुला द्यायला. दिवाळीला तू आलास, पण तिनं ती काढली नाही. पोराला पुन्हा न्हाय म्हणायला लावायचं न्हाय, म्हणाली.

राख दूधगंगेत सोडली, बरणी सोडवत नाही. शेवटी म्हणाली की माझी न्हाय तर न्हाय, भावजीस्नी म्हणावं ह्या गाठीवरनं दुसऱ्या कुणाची तरी लस करा. शनिवारी बरणी घेऊन मुंबईला येतोय. न्हाय म्हणू नको.

आता तूच आहेस, जीव लावत जा.
तुझा दादा हंबीरराव