दोन बोटांची जागा

३ मार्च, सोमवार
गेला. दोन पिशव्या आणि इस्त्री घेऊन. इस्त्री माझी होती! "थकलोय गं," एवढंच म्हणाला. नऊ वर्षांच्या संसाराला दोन शब्द.

४ मार्च
ताई फोनवर म्हणे, दुसरी कुणीतरी असणार. नाही. असती तर बरं झालं असतं, तिच्या नावानं बोटं तरी मोडली असती.

७ मार्च, शुक्रवार
इथे तरी खरं लिहावं. मला बांधून घेतलेलं आवडतं. झालं, लिहिलं — आणि छप्पर काही कोसळलं नाही.

कारखान्यात दिवसभर चाळीस शिलाई मशिनी आणि चाळीस बायका. बाई, हा धागा चालेल का, बाई, बाही उलटी लागली. रविवारी दुपारी हात पलंगाला बांधलेले असले की मला काहीच ठरवावं लागायचं नाही. डोकं शांत व्हायचं. फ्लॅनेलची पट्टी मीच शिवली होती, काठ आत दुमडून.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याला सांगितलं तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती. तो हसला नाही. इस्पितळात वॉर्डबॉय आहे तो, भ्रमात धडपडणाऱ्या पेशंटचे हात बांधायची सवय. पट्टीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, हा तिथला नियम. घरीही दरवेळी बोटं घालून बघायचा. दुखत नाही ना? सोडू? इतकं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.

९ मार्च, रविवार
दुपार. पट्टी मनगटाला गुंडाळून पाहिली. एका हाताने गाठ बसत नाही. खूप रडले.

१२ मार्च
त्याला किळस आली असणार माझी. दुसरं काय? गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं. पण जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, गाठ मारताना त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. कपाळावर घाम. मी म्हटलं, पंखा वाढव की! आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार कुणाला?

१५ मार्च, शनिवार
त्याचा राहिलेला डबा द्यायला इस्पितळात गेले. खरं तर त्याचं तोंड बघायला. तो नव्हता. त्याच्या वॉर्डातल्या सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, तो हल्ली रेकॉर्डरूममध्ये असतो, स्वतः मागून घेतलं.

वॉर्डात एक आजोबा होते. सलाईन उपटायचे म्हणून यानंच त्यांचे हात बांधले होते. ते सारखे म्हणायचे, सोड रे बाळा. तसेच गेले, बांधलेल्या हातांनी.

"तेव्हापासून पट्टीला हात लावेना," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला बोलला नाही?"

मी वार विचारला. दोन आठवड्यांपूर्वीचा शनिवार.

म्हणजे दुसऱ्या दिवशी रविवार. कपाटातून पट्टी काढून मीच त्याच्या हातात दिली होती. आणि त्यानं बांधली. दोन बोटं घालून बघितली. दुखत नाही ना, हेही विचारलं.

१६ मार्च, रविवार
त्यानं फोन उचलला. मी एवढंच विचारलं, "तुला आवडायचं का रे, ते?"

तो म्हणाला, "इतक्या वर्षांत आज विचारलंस."