पडताळणी झाल्याशिवाय शिफारस नाही

२ डिसेंबर, सोमवार
केंद्रप्रमुखांनी काम दिलं. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी चित्रांची माहितीपर पुस्तकं सुचवायची. गोष्टी नकोत, खरी माहिती हवी. पुस्तकांचा खोका घरी आणला. ३ जानेवारीला केंद्राच्या मेळाव्यात शिफारस वाचून दाखवायची, आणि सुचवलेल्यातलं एक पुस्तक एका लेकरानं स्टेजवर वाचायचं. ते लेकरू म्हणजे माझी लेक दिपा. तिसरीत आहे, मी शिकवतो त्याच शाळेत.

संकल्प दोन. एक: पुस्तकातली माहिती स्वतः पडताळल्याशिवाय शिफारस करायची नाही. दोन: चिडायचं नाही. दुसऱ्याची खरं तर गरज नव्हती, मी मुळात शांत माणूस आहे. डॉक्टर सारखं बीपी बीपी करतात म्हणून लिहिला.

दिपाला आनंदाची बातमी सांगायला गेलो. खाटेखाली बसून वाचत होती. हल्ली तिथंच बसते. पूर्वी पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर यायची. वय वाढलं की होतं असं. खाली उजेड कमी, डोळे बिघडतील, म्हणून खाट उलटी केली. वर बायकोची, निताची, निवडलेली तूरडाळ होती हे नंतर कळलं. निता बोलली, मी उत्तर दिलं. शेजारचे पुनमचंदकाका काठी घेऊन धावत आले, चोर आला का म्हणून. आवाजच तसा आहे माझा.

५ डिसेंबर, गुरुवार
कुत्र्याचं पुस्तक. पान चार: शेपूट हलवणारा कुत्रा खूश असतो. शाळेमागच्या कुत्र्यावर पडताळणी केली. शेपूट हलत होती, म्हणजे खूश होता. खूश असतानाच चावला. उजवी पोटरी. मी चप्पल फेकून मारली, ती घेऊन तो गेला. दवाखान्यात नर्सबाई म्हणाल्या, सर, कुत्र्याच्या तोंडाशी पाय काहून नेला? म्हटलं, पडताळत होतो. त्यांनी सुई जरा जास्तच जोरात मारली. मी ट्रे जरा जास्तच जोरात ढकलला.

माहिती चुकीची नाही, अपुरी आहे. पुस्तक राखून ठेवलं. उजव्या पायात सध्या निताच्या भावाची निळी चप्पल.

८ डिसेंबर, रविवार
मेंढीचं पुस्तक. चित्रं फार गोड. पान सहा: मेंढी शांत असते, कपाळावरून हात फिरवलेला तिला आवडतो. मेंढपाळ मसाजीचा कळप सध्या डोंगरकड्याच्या रस्त्याला, सोयाबीन निघालेल्या रानात बसलाय. दिपाला सोबत नेलं. तिनं चित्रकलेची वही घेतली. चांगली सवय.

मसाजी एक शिंगवाला मेंढा पुढं करून म्हणाला, ह्यो एडका घ्या सर, लई गरीब हाय, लेकरं बसतेत त्याच्यावर. कपाळावरून हात फिरवला. एडका चार पावलं मागं गेला. मी मसाजीला म्हटलं, लाजतोय वाटतं.

बाभळीच्या कुंपणात जाऊन पडलो. उठून एडक्याला काठीनं समजावलं. मग मसाजीनं मला समजावलं, त्याची काठी जाड होती. म्हणाला, मास्तर असून मुक्या जनावराला काहून मारून राहिलात? मी म्हटलं, गरीब कोण म्हणालं होतं? तेवढ्यात एडक्यानं त्यालाही मागून आडवा केला. त्यानंतरची चर्चा आम्ही दोघांनी जमिनीवरच, एकमेकांच्या कॉलरी धरून केली. मसाजीची बायको यशोदाबाई हिनं पाण्याची बादली आणून दोघांवर ओतली. म्हणाली, मेंढरं बरी तुमच्यापरीस.

दिपा या सगळ्यात वही उघडून बसली होती. चित्र काढत होती. मेंढीचं असणार. निघताना पाहिलं तर ती एडक्याचं कपाळ खाजवत उभी, आणि तो डोळे मिटून.

निष्कर्ष: माहिती बरोबर, एडका चुकीचा. शिफारस.

११ डिसेंबर, बुधवार
विश्वंभर सरांनाही याच कामावर नेमलंय, हे आज कळलं. कनेरगाव नाक्याकडून बदली होऊन आलेला माणूस. कळमनुरीला चहाच्या हॉटेलात बैठक. त्यांचं म्हणणं, लेकरांना राजा-राणी लागतो, मेंढीची माहिती घेऊन पोरगं काय करणार. मी शांतपणे म्हटलं, आधी राजा आणून दाखवा, पडताळतो. ते म्हणाले, ओमप्रकाश, तुला डोकं न्हाई.

मग त्यांना त्यांचं डोकं असल्याची खात्री करून दिली. ग्रहांचं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक हातात होतं, दोनदा लागलं. त्यांनी किटली उचलली. चहा गरम होता. मालकानं दोघांनाही बखोट धरून रस्त्यावर काढलं, तेव्हा उरलेली बैठक रस्त्यावर पार पडली. त्यांना टाके, मला मानेला मलम.

महत्त्वाची नोंद: पुस्तकाचा कोपराही दुमडला नाही. लहान मुलं पुस्तकं आपटतात, त्यामुळे बांधणी फार महत्त्वाची. ग्रहांचं पुस्तक, शिफारस.

१५ डिसेंबर, रविवार
मधमाशीचं पुस्तक. पान नऊ: मधमाशी उगाच डंख मारत नाही, आपण शांत उभं राहावं. आमच्या तांड्याच्या पाण्याच्या टाकीला मोठं पोळं आहे. खाली जाऊन शांत उभा राहिलो. एक माशी नाकावर बसली. तरी शांत. मग ती चालायला लागली. नाकावर हात मारणं म्हणजे राग नव्हे, ती हालचाल आहे. टाकीच्या पाइपाला लाथ बसली, तीही हालचालच.

पुढचं नीट दिसलं नाही. पाणी भरायला आलेल्या बाया हंडे टाकून पळाल्या. तांड्याचे प्रमुख थावरा नायक यांचा नवा जावई अंगणात मटण खात बसला होता, तो ताटासकट विहिरीकडे गेला. संध्याकाळी सुजलेली माणसं काठ्या घेऊन दारात. निताने लगेच आतून कडी लावली. मी बाहेर होतो.

चर्चा झाली. बरगडीला लागलंय. जाताना थावरा नायक म्हणाले, मास्तर, पुस्तक वाचायचं तं वाचा, पण मनातल्या मनात वाचा.

१७ डिसेंबर, मंगळवार (१९ तारखेला लिहितोय, त्या दिवशी दिसत नव्हतं)
रजा. डोळे उघडत नव्हते, ओठ हलत नव्हते, बरगडीमुळे उठता येत नव्हतं. त्यामुळे दिवसभर काही बोललो नाही. दुपारी खाटेवर कोणीतरी येऊन बसलं. मग पेन्सिलीचा आवाज. दिपा होती. माझ्या मांडीला पाठ टेकून चित्र काढत होती, किती तरी वेळ. मध्येच स्वतःशी गुणगुणली.

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की सूज उतरूच नये असं वाटलं.

मधमाशीचं पुस्तक, शिफारस.

२२ डिसेंबर, रविवार
सूज उतरली. लगेच सराव घेतला. दिपा मेंढीचं पुस्तक फार हळू वाचते. मेळाव्यात मागच्या रांगेला काय ऐकू जाणार? मोठ्यानं वाच म्हटलं. आणखी हळू झाली. मग मोठ्यानं म्हणजे कसं, ते करून दाखवलं. दाखवता दाखवता ताट भिंतीवर गेलं, पाठोपाठ वरणाचं पातेलं, पाठोपाठ खुर्ची. दिपाच्या अंगाला मी आजवर हात लावलेला नाही, हे इथं लिहून ठेवतो. खुर्चीचं वेगळं आहे.

निता म्हणाली, पोरगी थरथर करून राहिली, दिसते का तुमाला? म्हटलं, डिसेंबर आहे, थंडी असते. निता तिला घेऊन औंढ्याला माहेरी गेली. म्हणाली, मेळाव्याला आणीन, तिला यायचं असंल तं. पुढचं पुढं बगू.

हवापालट चांगलाच असतो.

१ जानेवारी, बुधवार
नवीन वर्ष. चिडायचं नाही हा संकल्प पुन्हा केला. सहज पाळला जातोय, घरात कोणी नाही. दुपारी मिक्सर सुरू होईना. आता तो होणारही नाही.

खाटेखाली वाकून पाहिलं. एक खोडरबर आणि उशी. म्हणजे उशी घेऊन बसायची. आत शिरून पाहिलं, मी मावत नाही. परवा दिपानं माझ्या शिफारशीतलं पुस्तक स्टेजवर वाचलं की सगळं जागेवर येईल. घरी येतील दोघी. मांडीवर नाही तर निदान शेजारी बसेल.

घर फार शांत आहे. मला आवडत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार
मेळावा. मी शिफारस वाचायला उठलो तर विश्वंभर आधीच माइकवर. टाक्यांचा वण झाकायला टोपी घालून आले होते आणि राजा-राणीची यादी वाचत होते. मी माइक मागितला. दिला नाही. माइकची वायर त्यांच्या गळ्याभोवती कशी गेली, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्या पोटरीवर, बरोबर जिथं कुत्रा खूश झाला होता तिथं, लाथ मारली. मी टेबलासकट पडलो, टेबलावरचा नारळ केंद्रप्रमुखांच्या पायावर. माइक चालू होता. आमचं बोलणं मंडपाबाहेर मेन रोडपर्यंत गेलं म्हणे. मग माइक तुटला. केंद्रप्रमुखांनी लंगडत येऊन आम्हाला दोन कोपऱ्यांत बसवलं, पहिलीच्या पोरांना बसवतात तसं.

मग दिपाचं नाव पुकारलं. आली होती. निताचा हात सोडून स्टेजवर चढली. हातात मेंढीचं पुस्तक नव्हतं, तिची चित्रकलेची वही होती. म्हणाली, हे मी केलेलं माहितीचं पुस्तक आहे. आणि वाचलं. माइक नसताना, मागच्या रांगेपर्यंत.

पान एक. हे माझे पप्पा. ते तांड्यावर राहतात. त्यांना खरी माहिती आवडते.
पान दोन. चिडायच्या आधी त्यांचे कान लाल होतात. कान लाल झाले की खाटेखाली जावं.
पान तीन. ते एका हातानं खाट उचलू शकतात.
पान चार. ते मला मारत नाहीत. ते वस्तूंना मारतात. म्हणून मी वस्तूंजवळ बसत नाही.
पान पाच. मधमाश्या चावल्या की ते शांत असतात. तेव्हा त्यांच्याजवळ बसता येतं. ते ऊबदार असतात.
पान सहा. शांत पप्पा. या पानावर चित्र नाही, कारण मधमाश्या न चावता मला ते अजून दिसले नाहीत. दिसले की काढीन.

पोरं पान तीनपर्यंत हसली. नंतर नाही. विश्वंभर कोपऱ्यात डोळे पुसत होते. वायर घट्ट बसली असेल.

निता दिपाला घेऊन तशीच औंढ्याच्या गाडीला गेली. वही स्टेजवर राहिली. मी घरी आणली.

४ जानेवारी, शनिवार
संकल्प एकप्रमाणे पडताळणी. आरसा घेतला, विश्वंभरला आठवलं. कान लाल झाले. पान दोन बराबर. खाट उचलून पाहिली, एका हातानं उचलली गेली. पान तीन बराबर. पान चारसाठी घरातल्या उरलेल्या वस्तू पाहिल्या. बराबर. पान पाच मला चांगलं आठवतं. ते पुन्हा पुन्हा वाचलं.

खोक्यातलं एकही पुस्तक पडताळणीत असं सरळ उतरलेलं नाही. चित्रं हुबेहूब. मसाजीच्या रानातलं चित्रही आहे, पण त्यात मेंढी नाही, मीच आहे. शिफारस करणं भाग आहे.

अडचण एकच, पान सहा कोरं आहे. अपुरं पुस्तक सुचवता येत नाही. उद्या औंढ्याला जातो, समोर बसतो आणि चित्र पुरं करून घेतो. दोघींना घेऊनच परत येतो. शांत बसणं मला काही नवीन नाही.

५ जानेवारी, रविवार
सासूबाईंच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो. वही दिपाला दिली, म्हटलं, पान सहा पुरं कर. ती म्हणाली, आधी बघते. बराच वेळ बघितलं. कान बघितले. मग पेन्सिलीला टोक केलं आणि पायापासून सुरुवात केली. लांब बसली होती, पण खाटेबाहेर.

गालावर माशी बसली. चालली. हललो नाही. सासूबाई निताला म्हणाल्या, जावयाला बरं न्हाई का गं? तरी हललो नाही. दिपा जरा पुढं सरकली. मग आणखी जरा. निता दारात उभी होती, ती आत जाऊन पिशवी भरायला लागली. जायची पिशवी. मला दिसत होतं.

तेवढ्यात फोन. विश्वंभर. आवाज मऊ होता. म्हणाले, यादी पाठवून राहिलो, दिपाचं पुस्तक एक नंबरला टाकलं. मी हळू आवाजात म्हटलं, बराबर केलंत. ते म्हणाले, फकत प्रकार बदलला, तुझी इज्जत जाऊ नये म्हणून. माहितीपर न्हाई लिहिलं, काल्पनिक गोष्ट लिहिलं.

काल्पनिक! माझ्या लेकीचं पुस्तक! पानन् पान पडताळलेलं! हे मी त्यांना सांगितलं. फोन भिंतीवर लागला तरी सांगत होतो. खुर्ची तुळशीपाशी गेली, पाण्याचा रांजण मध्ये आला. एक एक फॅक्ट खरी आहे, हे औंढ्याच्या त्या सगळ्या गल्लीला आता माहीत आहे.

भरलेली पिशवी निताने परत रिकामी केली. दिपा सासूबाईंच्या खाटेखाली आहे. वही अंगणात पडली होती, ती उचलली. चित्र खरंच छान काढते पोरगी. एक चप्पल खाकी, एक निळी, बराबर. गुडघ्यापर्यंत मी अगदी शांत आहे.