मागचा आरसा

२० जानेवारी

ती. स्व. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं जमत नाही, म्हणून पत्र. झटक्यानंतर तुमची जीभ अडखळते, मला निम्मं कळत नाही, आणि मी दोनदा विचारलं की तुम्ही चिडून फोन मामीकडे देता. तिला तुमचं सगळं कळतं. तेव्हा तुम्ही सांगावं आणि तिने लिहावं. उजवा हात कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला चेंडू दाबता, की मामीची नजर चुकवून उशीखाली ढकलता?

इथे फर्निचरच्या कारखान्यात माझं बस्तान बसलं आहे. काम करवतीवर आहे. मुकादम कडक, पण मनाचा सरळ. खोली लहान आणि खिडकी मोठी, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

आता खरी गोष्ट. तुम्ही आजारी पडल्यापासून तीन महिने माझ्या डोक्याला कात्री लागली नव्हती, म्हणून मागच्या रविवारी इथल्या एका सलूनमध्ये गेलो. तिथल्या न्हाव्याने काही न विचारता मानेपासून वर मशीन फिरवलं आणि मध्येच थांबला. म्हणाला, उजव्या कानामागे बटणाएवढी जागा रिकामी आहे, तिथे केसच येत नाहीत. मग विचारलं, की आजवर कापत कोण होतं. मी म्हटलं, मामा. त्यावर तो म्हणाला, की मामा कसलेला कारागीर दिसतो, वरचे केस असे सोडत आला की जवळ बसणाऱ्यालाही पत्ता लागू नये.

लहानपणी फाटकाच्या कडीवर पडलो आणि टाके पडले, एवढंच मला ठाऊक होतं. तिथे बोटाला गुळगुळीत लागायचं, पण ते दिसतं, हे वीस वर्षांत कळलं नाही. मग आठवलं. केस कापून झाले की तुम्ही मागचा आरसा नेहमी डावीकडेच धरायचात. उजवीकडचं दाखवा म्हटलं की म्हणायचात, उजवीकडेही तूच आहेस.

कारखान्यात आता माझं नाव ठिगळ पडलं आहे. त्याचं मला फार काही वाटत नाही. पण आई गेल्यावर तुमच्या घरी आलेल्या मुलाला शाळेत असं एकही नाव पडलं नाही ते कुणामुळे, हे आता समजलं. उपकार हा शब्द तुम्हाला आवडत नाही, म्हणून लिहीत नाही.

केस वाढवायचं ठरवलं आहे, चांगले मानेवर येईपर्यंत. ते कसे सांभाळायचे, हे तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

तुमच्या खुर्चीत लहानाचा मोठा झालेला,
झिपऱ्या


१० फेब्रुवारी

चि. झिपऱ्यास,
अ. उ. आ.

अक्षर मामीचं, शब्द माझे. मध्ये तिने स्वतःचं काही घुसडलं तर ते तिचं तिला लखलाभ.

तुला झिपऱ्या म्हणायला लागलो, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि डोक्यात कंगवा शिरत नव्हता. आता आपणहून नाव सार्थ करायला निघालास. जन्मभर लोकांचे केस कमी केले आणि घरचाच माणूस विचारतो, वाढवायचे कसे. असो. पहिले चार-पाच महिने तू भयंकर दिसशील. कानांवर पंख फुटतील, मान जाड दिसेल, आरसा नकोसा होईल. तेव्हाच लोकांचा धीर सुटतो आणि ते कात्रीखाली जाऊन बसतात. तू बसू नकोस. कंगवा जाड दातांचा घे. गुंता टोकाकडून सोडवत वर जा, मुळापासून ओढू नकोस. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. आणि मुख्य म्हणजे केस रोज धुऊ

(मागे पाहा)

टोकांना दोन थेंब तेल लाव.

ठिगळाचं म्हणशील, तर ते मी तुझ्यासाठी लपवलं की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं की माझी कात्री चालत नसे.

दुकान बंदच आहे. नाक्यावरचा नवा सलूनवाला खुर्ची मागतो आहे. देऊन टाकावी म्हणतो. थरथरत्या हाताने कुणाच्या कानाजवळ जाण्यापेक्षा ते बरं.

आता माझं, म्हणजे मामीचं. हे रोज सकाळी किल्ली घेऊन दुकानापर्यंत जातात आणि शटर न उघडता परत येतात. मी विचारत नाही. तूही विचारू नकोस. खुर्ची गेली की हे घरी नुसते बसून राहतील, याची मला धास्ती वाटते.

आमची आठवण अशीच ठेवत जा,
मामा, आणि त्यांची लेखनिक


५ मे

ती. स्व. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं तंतोतंत करतो आहे, तरी डोक्याचा पार काथ्या झाला आहे. केस हाताला खरखरीत लागतात, कंगव्यात तुटून येतात. मुकादम म्हणतो, लाकूड घासायचा कागद संपला तर तुझं डोकं वापरू. तुम्ही लिहिल्याप्रमाणे केस रोज धुऊन टोकांना तेल लावतो. एक दिवस चुकवलेला नाही. अजून काही राहतं आहे का?

पंख मात्र फुटले आहेत. ठिगळ झाकलं गेलं, पण नाव काही गेलं नाही.

मामा, खुर्चीचं वाचल्यापासून तीच डोळ्यांसमोर आहे. त्या खुर्चीवर आडवी फळी टाकून तुम्ही मला बसवायचात, माझे पाय लोंबकळायचे. हात सुधारेल. घाई करू नका. आणि एक सांगून ठेवतो. हे केस आता दुसऱ्या कुणाच्या कात्रीखाली जाणार नाहीत. कमरेपर्यंत आले तरी चालतील. कापायचे तर तुम्ही.

तुमचा हट्टी,
झिपऱ्या


१८ मे

चि. झिपऱ्यास,
अ. उ. आ.

रोज धुतोस? रोज? अरे, ज्याच्या आयुष्यात कात्री, कंगवा आणि साबण यांशिवाय काही नाही, तो माणूस केस रोज धुवायला सांगेल का? मामीला विचारलं तर ती म्हणते, मी बरोबर लिहिलं. तुझ्याकडचं पान डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि मग उलगडा झाला. पान संपलं, तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं, ती धावली. परत येऊन पान उलटलं आणि थेट तेलावर आली. मधला शब्द दुधात गेला. तूही शहाणा. धुऊच्या पुढे नुसता न जोडलास आणि मोकळा झालास. माझा शब्दही न नेच सुरू होत होता, पण तो न वर संपत नव्हता.

आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. करवतीच्या भुशाचं म्हणशील, तर काम करताना डोकं बांध. सोबत मामीने शिवलेली पट्टी आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायच्या पांढऱ्या कापडाची आहे, दुकानात ते नाहीतरी पडूनच होतं.

हा महत्त्वाचा शब्द आता मी कुणाच्या भरवशावर सोडणार नाही. केस रोज धुऊ

नकोस

मामीकडून: वरचा शब्द त्यांनी स्वतः लिहिला. उजव्या हाताने. पेन्सिल दोनदा पडली, पाव तास लागला, आणि सगळा वेळ तुझ्या नावाने बडबड चालू होती. चेंडू त्यांनी सात महिन्यांत कधी इतक्या जोरात दाबला नव्हता. माझी चूक झाली खरी, पण मला तिचं वाईट वाटत नाही.

तुझ्यावर रागावलेले आणि तुझेच,
मामा, मामी


३० सप्टेंबर

ती. स्व. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

तो शब्द कापून आरशाच्या कोपऱ्यात चिकटवला आहे. क आडवा झाला आहे, स ओळीखाली घसरला आहे. रोज दाढी करताना तो बघतो आणि मला बरं वाटतं. देवाचे आभार मानावेत अशा गोष्टी माझ्याकडे थोड्या आहेत. हा शब्द त्यांत पहिला.

काथ्याचे पुन्हा केस झाले. आता कॉलरला टेकतात. मुकादम करवतीजवळ मोकळे केस बघून घरी पाठवायच्या बेतात होता, मामीची पट्टी बांधून दाखवली तेव्हा त्याने ती चाचपून बघितली. मग हळूच म्हणाला, त्याच्या धाकट्या भावाला तशी एक मिळेल का. मामी, तुझं गिऱ्हाईक तयार आहे.

टोकं फाटायला लागली आहेत. मुकादम म्हणतो, त्याच्या ओळखीचा न्हावी बोटभर काढून देईल. मी नाही म्हटलं. मार्चमध्ये आठ दिवसांची रजा आहे, तोवर फाटू देत. मामा, प्रत्येक पत्रात एक शब्द तुमच्या हातचा हवा. कुठलाही चालेल. आणि खुर्ची अजून आपल्याकडे आहे ना, एवढं कळवा.

वाटेकडे डोळे लावून,
झिपऱ्या


२ डिसेंबर

चि. झिपऱ्यास,
अ. उ. आ.

हे पत्र माझं एकटीचं. त्यांना ठाऊक नाही. ते शेजारच्या खोलीत आहेत, त्यामुळे चोरून लिहिते आहे.

आधी त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला शब्द लिहायला सुरुवात केली. कंगवा, भांग, बट, असलेच शब्द, दुसरं काय लिहिणार. मग एक दिवस माझ्या जुन्या शालीचे गोंडे एकाच लांबीचे कापलेले दिसले. पुढच्या आठवड्यात गालिच्याची झालर गेली. परवा मला समोर स्टुलावर बसवलं आणि माझ्या वेणीची टोकं काढली. वाकडी काढली. माझ्या डोळ्यांत कधी नव्हे ते पाणी आलं, तर त्यांना वाटलं वाकडी झाली म्हणून रडते. तीन दिवस कात्रीला हात लावला नाही. मी सांगून थकले, की अहो, मला आनंद झाला होता.

भीती त्यांना हाताची नाही रे, तुझ्या कानाची आहे. म्हणतात, ते ठिगळ मी वीस वर्षं जपलं, आता दुसरं आपल्याच हाताने करायचं का. नाक्यावरचा सलूनवाला पुढच्या महिन्यात टेम्पो घेऊन खुर्ची न्यायला येणार आहे. ह्यांनी त्याला हो म्हटलं आहे. मी काही बोलणार नाही, कारण मी बोलले की ते उलटं करतात. तुला जमलं तर काही लिही. नाही जमलं तर नुसता ये. तू या घरात आलास तेव्हा आम्ही तुला आधार दिला असं लोक म्हणायचे. खरं काय ते आम्हाला ठाऊक आहे.

तुझी,
मामी


२० डिसेंबर

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

एकच गोष्ट लिहितो. कापताना कान कापला गेला तर केस झाकतील, मी ते त्यासाठीच वाढवले आहेत. माझं ठिगळ तुम्ही वीस वर्षं झाकलंत. तुमचा हात थरथरतो हे मी एक दिवस झाकलं, तर बिघडतं कुठे?

तुमचा,
झिपऱ्या


१ मार्च

चि. झिपऱ्या,
अ. उ. आ.

हे सगळं माझ्या हातचं आहे. चार दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

सलूनवाला टेम्पो घेऊन आला. मी शटर उघडलं. आत धूळ होती. त्याला म्हटलं, जरा थांब, पुसून देतो. पुसता पुसता खुर्चीत बसलो. मग उठवेना. त्याला सांगितलं, दुसरी बघ.

मामीने तुला काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. तिला चोरून काही करता येत नाही. ती डोळे पुसते ते आनंदाने की वाकड्या वेणीने, हे मला अजून नीट कळत नाही, पण आता तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो.

तुझे केस मी कापणार नाही. एवढे राखलेस ते राहू देत, तुझ्या आईचेही असेच दाट होते. फक्त टोकं काढीन, दोन बोटं. सावकाश. हात थरथरला तर थांबेन, तू घाई करू नकोस. फळी माळ्यावरून काढून ठेवली आहे, तुझी चेष्टा करायला.

आणि या वेळी मागचा आरसा उजवीकडे धरीन. केस बाजूला करून दाखवीन. तू बघ.

तुझी वाट पाहतो. ये.

मामा